दहा म्हणायच्या आत

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी रात्री, ऑफिसातल्या चाळीसेक लोकांसमोर आणि बायकोसमोर, मी बॉक्सिंगच्या रिंगमध्ये एक गुडघा टेकला. आई-बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. आई, हे वाचत असशील तर आधी शेवटपर्यंत वाच, मग फोन कर.

मी रेडिंगला राहतो, लंडनपासून ट्रेननं अर्ध्या तासावर. वय चौतीस, काम सॉफ्टवेअरचं, म्हणजे दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत. इथे ‘व्हाइट कॉलर बॉक्सिंग’ नावाचा प्रकार बराच चालतो. ऑफिसात काम करणारी साधी माणसं आठ आठवडे फुकट प्रशिक्षण घेतात, ओळखीच्यांना तिकिटं विकतात, एखाद्या चांगल्या कामासाठी पैसे जमवतात आणि शेवटी हॉटेलच्या हॉलमध्ये, सूट घालून जेवायला बसलेल्या मंडळींसमोर एकमेकांशी लढतात. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, १६ औंसांचे जाडजूड ग्लोव्हज, डोक्याला हेडगार्ड. व्यावसायिक बॉक्सिंगचं ब्रिटिश बोर्ड किंवा हौशी बॉक्सिंगची संघटना यांचा त्यावर ताबा नाही. सगळा कारभार आयोजकांच्या शहाणपणावर. आमचे आयोजक सुदैवानं शहाणे होते.

माझ्यासमोर स्विंडनचा एक प्लंबर होता. पहिला राउंड मी जिंकला असं मला आजही वाटतं. दुसऱ्यात त्याचा उजवा हात वरून आला. तो मला दिसला नाही. नंतर दिसल्या त्या कॅनव्हासवरच्या माझ्याच बुटाच्या नाड्या. मी उठलो. रेफ्री साठीचा असेल, पांढरे केस, अंगानं किडकिडीत. तो माझ्या तोंडासमोर बोटं धरून मोजत होता. आठ झाल्यावर त्यानं माझे दोन्ही ग्लोव्हज धरले आणि काहीतरी विचारलं. मी उत्तर दिलं. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मला मिठीत घेतल्यासारखं धरलं आणि दुसरा हात हवेत हलवला. लढत संपली.

मी प्रचंड चिडलो. उभा होतो, बोलत होतो, हात वर होते. मग थांबवली का? ऑफिसच्या ग्रुपवर त्याच रात्री ‘रेफ्रीनं घात केला’ छापाचे मेसेज आले. माझा मॅनेजर म्हणाला, रेफ्री फारच मऊ होता. मलाही ते ऐकायला बरं वाटलं.

कपडे बदलायच्या खोलीत तो रेफ्री स्वतः आला. म्हणाला, राग आला असेल तर मी समजू शकतो. मग त्यानं विचारलं, ‘‘तू मला कोणत्या भाषेत उत्तर दिलंस?’’

मी म्हणालो, ‘‘इंग्रजीत.’’

तो हसला नाही. मी इंग्रजीत बोललो नव्हतो. नंतर बायकोनं काढलेला व्हिडिओ पाहिला तेव्हा ओठांच्या हालचालीवरून स्पष्ट कळत होतं. त्यानं विचारलं होतं, आपण कुठे आहोत? आणि मी त्या किडकिड्या इंग्रज म्हाताऱ्याला सांगत होतो, ‘‘मी ठीक आहे, चालू दे.’’ मला मात्र आजही आठवतं ते असंच की मी इंग्रजीत बोललो.

तेव्हापासून मी बॉक्सिंगच्या लढती वेगळ्या नजरेनं बघतो. ठोसे कमी बघतो, रेफ्री जास्त. आणि माझं एक मत पक्कं होत गेलंय, तेच इथे मांडतोय. रेफ्रीनं लढत लवकर थांबवली की जी ओरड होते, ती आपण प्रेक्षकांनी बंद करायला हवी. अगदी कधीकधी ती ओरड खरी असली तरीसुद्धा.

आधी थोडं मोजणीबद्दल. मी सांगली जिल्ह्यातला. आजोबांबरोबर जत्रेतल्या कुस्त्या बघत मोठा झालो. कुस्तीत पाठ लागली की विषय संपला. हरणारा अंगावरची माती झटकत उठतो, जिंकणारा पटका उडवत मैदानाला फेरी मारतो. बॉक्सिंगमध्ये माणूस पडला की तिथून एक नवीनच प्रकरण सुरू होतं. पूर्वी इथे इंग्लंडमध्ये उघड्या मुठींनी लढत, तेव्हा कुणी पडलं की तो राउंडच संपायचा. ३० सेकंद विश्रांती, आणि मग आठ सेकंदांत स्वतःच्या पायांनी रिंगच्या मध्यावर यायचं. असं कितीही वेळा. १८६७ मध्ये जॉन ग्रॅहॅम चेंबर्सनं लिहिलेले आणि मार्क्विस ऑफ क्वीन्सबरीच्या नावानं गाजलेले नियम आले. त्यांत तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती, हातात ग्लोव्हज आणि पडलेल्याला उठायला दहा सेकंद, असं ठरलं. हा दहाचा आकडा कुठल्या डॉक्टरनं मोजून काढलेला नाही. खेळ चालता राहावा म्हणून काढलेला तो आकडा आहे आणि दीडशे वर्षांनंतरही आपण तोच वापरतोय.

पुढे त्याला जोड मिळत गेल्या. पाडणाऱ्यानं दूरच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, तो जाईपर्यंत मोजणी सुरू करायची नाही. १९२७ मध्ये शिकागोला जॅक डेम्प्सीनं जीन टनीला पाडलं आणि कोपऱ्यात जायचं सोडून तो तिथेच घुटमळला. रेफ्री डेव्ह बॅरीनं आधी त्याला हाकललं, मग एकपासून मोजलं. टनीला तीन-चार सेकंद जास्तीचे मिळाले, तो नऊला उठला आणि लढत जिंकला. त्यावर अमेरिकेत अजून वाद घालणारे सापडतात. मला त्यात बॅरीचंच बरोबर वाटतं. पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून, तो गुडघ्यावरून उठतोय तोच त्याला पुन्हा मारायचं, हे डेम्प्सीच्या आधीच्या लढतींत सर्रास चालायचं.

दुसरी जोड म्हणजे आठपर्यंतची सक्तीची मोजणी. तुम्ही दोनला उठा की तीनला, रेफ्री आठपर्यंत मोजणारच. लोकांना वाटतं, ही बॉक्सरला दिलेली विश्रांती आहे. मलाही तसंच वाटायचं. खरं म्हणजे ते आठ सेकंद रेफ्रीच्या कामाचे असतात. चांगला रेफ्री तेवढ्या वेळात डोळे बघतो. नजर त्याच्या चेहऱ्यावर ठरतेय की आरपार जातेय? पाय बघतो. उठताना माणसानं दोरीला धरलं का? मग म्हणतो, माझ्याकडे चालत ये. हात वर कर. पुढे खेळायचंय का? उत्तर काय येतं याला फार किंमत नाही, कारण बॉक्सर ‘हो’च म्हणणार. उत्तर कसं येतं, किती उशिरा येतं, आणि माझ्या बाबतीत, कोणत्या भाषेत येतं, ते महत्त्वाचं.

आमच्या कामात सर्व्हर चालू आहे का हे बघायला दर काही सेकंदांनी त्याला एक छोटा संदेश पाठवतात. उत्तर आलं की हिरवा दिवा. या हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवून मी दोनदा तरी रात्री तीन वाजता तोंडघशी पडलोय. सर्व्हर उत्तर देत होता, फक्त आतला सगळा डेटा सडत चालला होता. पायांवर उभा असलेला बॉक्सर हा असाच हिरवा दिवा असतो.

डोक्यात काय होतं ते मी नंतर वाचलं. मेंदू कवटीत पाण्यावर तरंगल्यासारखा असतो. ठोसा लागून डोकं झटक्यानं फिरलं की मेंदू मागे राहतो, आणि मेंदूपासून त्याच्या वरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. एखादी तुटली की रक्त साचायला लागतं. ते लगेच जाणवेलच असं नाही. माणूस बोलतो, चालतो, रेफ्रीच्या निर्णयावर हुज्जत घालतो. दाब वाढत जातो तसा कधी पुढच्या राउंडला, कधी कपडे बदलायच्या खोलीत, कधी हॉटेलवर गेल्यावर तो कोसळतो. त्या रात्री मला डोक्याच्या दुखापतीचा एक छापील कागद दिला होता. एकटं झोपू नकोस, डोकं वाढत्या कळेनं दुखलं, उलटी झाली, गुंगी आली तर थेट इस्पितळात जा, असं त्यावर लिहिलेलं. बायको रात्रभर दर दोन तासांनी मला उठवून लग्नाची तारीख विचारत होती. एकदा चुकलो, पण ते नेहमीचंच.

आता ओरडीबद्दल. या देशात त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे नोव्हेंबर २०१३ मधली मँचेस्टरची लढत. कार्ल फ्रॉच जगज्जेता, समोर जॉर्ज ग्रोव्ह्ज. ग्रोव्ह्जनं पहिल्याच राउंडला फ्रॉचला पाडलं. पंचांच्या कार्डांवरही तो पुढे होता. नवव्या राउंडला फ्रॉचनं त्याला गाठलं, चार-पाच जबरदस्त ठोसे बसले आणि रेफ्री हॉवर्ड फॉस्टर मध्ये घुसला, ग्रोव्ह्जच्या मानेभोवती हात टाकून त्यानं लढत थांबवली. ग्रोव्ह्ज पायांवर उभा होता. जे प्रेक्षक सुरुवातीला ग्रोव्ह्जची हुर्यो उडवत होते, तेच त्याच्या बाजूनं रेफ्रीवर ओरडायला लागले. मी तेव्हा भारतात होतो. लढत इंटरनेटवर बघितली आणि इथे लिहायला लाज वाटेल असे शब्द फॉस्टरसाठी वापरले. अजूनही मला वाटतं की त्यानं घाई केली. ग्रोव्ह्जला आणखी पाच-दहा सेकंद द्यायला हरकत नव्हती.

पण पुढे काय झालं? ग्रोव्ह्जनं दाद मागितली, आयबीएफनं पुन्हा लढत घ्यायला लावली आणि मे २०१४ मध्ये वेम्बली स्टेडियमवर ८० हजार लोकांसमोर दोघं पुन्हा उतरले. फ्रॉचनं आठव्या राउंडला त्याला एका ठोशात झोपवलं. म्हणजे फॉस्टरची चूक, चूक असलीच तर, सहा महिन्यांत भरून निघाली.

त्याच ग्रोव्ह्जची एक लढत नोव्हेंबर २०१६ मध्ये वेम्बली अरीनामध्ये झाली. समोर एदुआर्द गुट्क्नेख्त नावाचा कझाकस्तानात जन्मलेला जर्मन बॉक्सर होता. लढत पूर्ण १२ राउंड चालली. ग्रोव्ह्ज गुणांवर जिंकला. कुणीही ओरडलं नाही, रेफ्रीवर कुणी शब्द काढला नाही. गुट्क्नेख्त लढतीनंतर कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं. ती चूक दुरुस्त करायला कुठलीही दुसरी लढत घेता येत नाही.

रेफ्रीच्या दोन चुका एका तराजूत घालता येत नाहीत, असं मी म्हणतो ते यामुळे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लवकर शिकवलं जातं. काही बदल एका कमांडनं मागे घेता येतात, काही अजिबात येत नाहीत, आणि दुसऱ्या प्रकारच्या बदलापुढे हात थरथरायलाच हवा. लवकर थांबवलेली लढत मागे घेता येते, निदान अर्धीमुर्धी.

अर्धीमुर्धी म्हणतोय, कारण मला १९९० मधला मेल्ड्रिक टेलर विसरता येत नाही. १७ मार्च १९९०, लास व्हेगास. टेलर आणि हूलिओ सेझार चावेझ, दोघंही तोवर एकदाही न हरलेले. टेलरचे हात इतके वेगवान, की लढत बघताना व्हिडिओ पुढे पळवल्यासारखा वाटतो. अकरा राउंड संपले तेव्हा तीनपैकी दोन पंचांकडे तो चांगलाच पुढे होता. शेवटचा राउंड फक्त पायांवर उभं राहून काढला असता तरी विजय त्याचा होता. पण त्याच्या कॉर्नरनं त्याला सांगितलं की हा राउंड जिंकायला हवा, आणि तो भिडत राहिला. तोपर्यंत त्याचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. त्याचे ठोसे संख्येनं जास्त होते, चावेझचे वजनानं. शेवटच्या काही सेकंदांत चावेझचा उजवा बसला आणि टेलर कोपऱ्यात पडला. दोरीला धरून सहाच्या मोजणीला उठला. रेफ्री रिचर्ड स्टीलनं आठपर्यंत मोजून त्याला विचारलं, ठीक आहेस? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. टेलरची नजर बाजूला, रिंगच्या कडेवर चढून ओरडणाऱ्या आपल्या प्रशिक्षकाकडे. स्टीलनं लढत थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते.

दोन सेकंद! एवढ्या वेळात चावेझ कोपऱ्यातून चालत टेलरपर्यंत पोहोचलाही नसता. टेलर जिंकला असता. त्यानंतर तो पूर्वीचा टेलर कधी झाला नाही. चार वर्षांनी पुन्हा लढत झाली तेव्हा चावेझनं त्याला आठव्या राउंडला हरवलं. स्टीलला पुढची कित्येक वर्षं प्रेक्षकांनी हूट केलं. त्याचं म्हणणं कायम एकच होतं: मी घड्याळ बघत नव्हतो, माणूस बघत होतो.

ही लढत मी सात-आठ वेळा बघितली असेल. सुरुवातीला स्टीलचा राग यायचा. आता मी फक्त टेलरचा चेहरा बघतो, कारण तसा चेहरा मी एका व्हिडिओत बघितलाय. माझाच. टेलरवर अन्याय झाला, हे मी नाकारत नाही. त्या दोन सेकंदांची भरपाई त्याला कधी मिळाली नाही. पण स्टीलनं त्या क्षणी घड्याळाकडे बघायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचंय. राउंड संपायला दोन सेकंद असताना एक नियम आणि दोन मिनिटं असताना दुसरा, असा मेंदू कुणाकडे असतो? लढत संपली की रक्तस्रावही थांबतो, असं थोडंच आहे? टेलर त्या रात्री इस्पितळात गेला. चेहऱ्याचं हाड मोडलेलं, पोटात गिळलेलं रक्त, लघवीतून रक्त. पुढे काही वर्षांनी त्याचं बोलणं इतकं जड झालं की ऐकवत नाही. त्याच्या जवळच्यांपैकी कुणीतरी स्टीलच्या बरंच आधी, आठव्या-नवव्या राउंडलाच, टॉवेल टाकायला हवा होता, असं माझं मत आहे. सगळा राग मात्र स्टीलच्या वाट्याला आला.

कुणी म्हणेल, मग मोजायचं तरी कशाला? पडला की थांबवा. ते मला पटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लॉस एंजेलिसला डिऑन्टे वाइल्डरनं टायसन फ्युरीला बाराव्या राउंडला असा पाडला, की घरी सोफ्यावर बसून मी म्हणालो, झालं. वाइल्डर तर नाचायलाच लागला. रेफ्री जॅक रीस, लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलात अधिकारी राहिलेला माणूस, गुडघ्यावर बसून फ्युरीला जवळून बघत मोजत राहिला. फ्युरी नऊला उठला. रीसनं त्याला प्रश्न विचारले, चालायला लावलं, आणि मगच लढत सुरू केली. फ्युरीनं उरलेला राउंड चक्क चांगला खेळून काढला. लढत बरोबरीत सुटली. रीसनं तिथे तमाशा चालू ठेवायचा म्हणून लढत चालू ठेवली नाही. त्यानं बघितलं, तपासलं, त्याला माणूस ठीक दिसला. हाच रीस फ्युरीला बघून थांबवायचं ठरवता, तर त्याचं तेही मी मान्य केलं असतं. त्याच्या जागी मी नव्हतो, तो होता.

मला जास्त काळजी वाटते ती न पडणाऱ्यांची. मोजणीची ही सगळी यंत्रणा चालू होते ती गुडघा टेकल्यावर. ज्याचा गुडघा टेकतच नाही त्याला ते आठ सेकंद मिळत नाहीत, त्याचे डोळे कुणी जवळून बघत नाही. हौशी बॉक्सिंगमध्ये उभ्या माणसालाही रेफ्री आठपर्यंत मोजू शकतो. व्यावसायिक खेळानं बहुतेक ठिकाणी ते बंद केलं. कारण दिलं जातं की त्यामुळे मार खाणाऱ्याला फुकटची विश्रांती मिळते आणि पुन्हा मार खायला तो तयार होतो. इतका जखमी असेल तर सरळ थांबवाच. कागदावर हे पटण्यासारखं आहे. पण ‘सरळ थांबवा’ म्हणणारेच थांबवल्यावर शिव्या देतात.

मार्च २०१६ मध्ये वेम्बलीलाच निक ब्लॅकवेल आणि धाकटा क्रिस युबँक यांची लढत झाली. ब्लॅकवेल एकदाही पडला नाही, आणि राउंडमागून राउंड मार खात राहिला. मधल्या विश्रांतीत धाकट्या युबँकच्या कॉर्नरमध्ये त्याचा बाप, थोरला क्रिस युबँक, मुलाला सांगत होता की रेफ्री थांबवत नसेल तर तू त्याच्या डोक्यावर मारू नकोस, पोटावर मार. टीव्हीवर ते सगळ्यांना ऐकू गेलं. दहाव्या राउंडला डॉक्टरांनी ब्लॅकवेलचा सुजून बंद झालेला डोळा बघून लढत थांबवायला लावली. थोड्याच वेळात तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

थोरल्या युबँकला ते का दिसलं, हे इथल्या जुन्या लोकांना सांगावं लागत नाही. २१ सप्टेंबर १९९१ ला टॉटनहॅमच्या मैदानावर तो मायकल वॉटसनशी लढला होता. अकराव्या राउंडला वॉटसननं त्याला पाडलं. युबँक उठला आणि लगेच त्याच्या एका अपरकटनं वॉटसन मागे दोरीवर आपटला. वॉटसनही उठला. घंटा झाली, तो आपल्या कॉर्नरला गेला, मिनिटभर बसला आणि बाराव्या राउंडसाठी पुन्हा उभा राहिला. अर्ध्या मिनिटात रेफ्रीनं लढत थांबवली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. रिंगजवळ श्वास चालू ठेवायची नीट सोय नव्हती. त्याला आधी नेलं ते मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय नसलेल्या इस्पितळात. वॉटसन ४० दिवस कोमात होता, मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्यानं बॉक्सिंग बोर्डावर दावा लावला, आणि डिसेंबर २००० मध्ये अपील कोर्टानंही बोर्डालाच जबाबदार धरलं. २००३ मध्ये वॉटसननं लंडन मॅरेथॉन सहा दिवसांत चालत पूर्ण केली. शेवटच्या टप्प्यात त्याच्याबरोबर त्याचे सर्जन पीटर हॅम्लिन होते, आणि युबँक.

या प्रकरणानंतर इथे रिंगशेजारी भूलतज्ज्ञ, रुग्णवाहिका, कोणत्या इस्पितळात न्यायचं ते आधीच ठरवून त्यांना कळवणं, हे सगळं आलं. १९९८ मध्ये स्पेन्सर ऑलिव्हर रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये असाच कोसळला तेव्हा त्याला तिथल्या तिथे उपचार मिळाले. आज तो टीव्हीवर लढतींचं वर्णन करतो. वॉटसनच्या वाट्याला जे आलं नाही, ते ऑलिव्हरच्या वाट्याला आलं.

एक गोष्ट मात्र मला या देशातली अजून खटकते. साध्या, किताब नसलेल्या लढतींत इथे गुणही रेफ्रीच देतो. म्हणजे डोळे बघायचे, पाय बघायचे, कमरेखालचा ठोसा बघायचा, मिठी सोडवायची आणि वर हा राउंड कोणाचा याचा हिशोब डोक्यात ठेवायचा. अमेरिकेत गुण देणारे तीन पंच वेगळे असतात. इथेही ते काम रेफ्रीकडून काढून घ्यावं. पंचांच्या मानधनाचे पैसे वाचतात, एवढ्याशिवाय मला त्यात फायदा दिसत नाही.

या वर्षी मी लढलो नाही. बायकोनं तसा प्रश्नच ठेवला नाही. पण जिममध्ये जातो, आणि यंदाच्या कार्यक्रमात मला कॉर्नरमध्ये बादली आणि टॉवेल सांभाळायला उभं केलं. आमच्या जिममधला एक पंचविशीचा मुलगा होता, मूळ लेस्टरचा, घरी गुजराती बोलणारा. तिसऱ्या राउंडला तो पडला, उठला, आणि त्याच म्हाताऱ्या रेफ्रीनं त्याला आठपर्यंत मोजून बघितलं आणि लढत थांबवली. मागच्या टेबलांवरून ओरडा सुरू झाला. मुलगा पाय आपटत कॉर्नरला आला. मी त्याच्या तोंडातलं गार्ड काढलं. तो म्हणाला, मी शुद्धीत होतो, तू सांग त्याला. मी त्याला विचारलं, आज वार कोणता?

तो म्हणाला, शुक्रवार. शनिवार होता.

त्याला अजून वाटतं की तो शनिवारच म्हणाला. गेल्या आठवड्यात जिममध्ये तो माझ्याशी बोलला नाही. बोलेल.